बारा डुकरांचा रक्तदाब

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक वरच्या अंगाला, जवळजवळ सपाट. दुसरी तिच्याबरोबरच निघालेली, पण तिसऱ्या आठवड्यापासून जी उतरायला लागली ती पार तळाशी जाऊन थांबलेली. मीटिंगच्या खोलीतल्या सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. मग मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली, आणि साहेबांनी वाजवली म्हटल्यावर सगळ्यांनीच वाजवली.

मामा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. जनावरांच्या शेडमधली माणसं मीटिंगला आली की बसत नाहीत. बसू नका असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, पण आपल्या कपड्यांच्या वासाचा त्यांना स्वतःलाच संकोच वाटतो. मामांच्या हातात चहाचा कप होता. शेजारी त्यांचा जोडीदार फौजी उभा होता. सैन्यातून निवृत्त होऊन तो शेडमध्ये आला त्याला सहा वर्षं झाली होती, पण भिंतीला टेकायचं त्याला अजून जमत नव्हतं.

"वरची रेघ साध्या पावडरची, खालची औषधाची," फौजी कुजबुजला. "चालतंय की रे औषध!"

"दिसतंय ना," मामा म्हणाले. त्यांनाही आनंद झाला होता. दोन वर्षांची मेहनत होती, आणि तिच्यातली निम्मी त्यांची होती, असं ते मनातल्या मनात धरून चालत.

मॅडम पडद्याशेजारी उभ्या होत्या. हा सगळा अभ्यास त्यांचा. एरवी त्या हसल्या तर लोक घड्याळाकडे बघून वेळ लक्षात ठेवत, पण आज त्यांचं हसू आवरत नव्हतं.

"कुठल्या सहा जनावरांना औषध मिळतंय आणि कुठल्या सहांना नुसती पावडर, हे गेले चार महिने मलासुद्धा माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पुड्या दुसऱ्या इमारतीत भरल्या जायच्या, त्यांच्यावर फक्त जनावराचा नंबर असायचा. बंद पाकीट आज सकाळी फोडलं. औषधवाली सहा ही."

खालच्या रेघेच्या टोकाशी आकडे उमटले. दोन, चार, पाच, आठ, नऊ, अकरा.

मामांनी कप तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. त्यांनी आकडे पुन्हा वाचले. मग बोटांवर मोजावेत तसे एकेक मनात म्हटले. हे सहा नंबर त्यांना चार महिन्यांपासून पाठ होते, आणि ते मॅडमच्या पाकिटात असतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. चहा न पिताच त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि टाळ्या संपायच्या आत ते शेडकडे निघून गेले.

मामांना मामा पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कुणाला आठवत नाही. सव्वीस वर्षं ते या संशोधन संस्थेत जनावरं सांभाळत होते. साहेब बदलले, रोग बदलले, सशांच्या जागी मेंढ्या आल्या, मेंढ्यांच्या जागी डुकरं आली; मामा तेवढे जागच्या जागी. नात्यातल्या कुणी विचारलं, काय करता, तर ते "रक्तदाबावर काम करतो" असं सांगत. ते अगदी खरं होतं. कुणाच्या रक्तदाबावर, हे विचारणारा क्वचितच भेटे.

ही बारा डुकरं बुटक्या जातीची, एका मोठ्या पैदास केंद्रातून आणलेली. वजनाला एखाद्या भरलेल्या माणसाएवढी. त्यांचं हृदय आणि मूत्रपिंडं बरीचशी माणसासारखी असतात, म्हणून तर ती आणलेली, असं मॅडम नव्या लोकांना समजावत. मामांना याहून पुढची साम्यंही ठाऊक होती, पण ती छापण्यासारखी नव्हती. आल्यावर त्यांचं छोटंसं ऑपरेशन झालं, खुराकात जादा मीठ सुरू झालं, आणि दोन महिन्यांत बाराही जणांचा रक्तदाब एकशे साठच्या घरात गेला. मग औषध सुरू.

रक्तदाब घ्यायची पद्धत अशी. कप्प्यातून एकेक डुक्कर बाहेर काढायचं, चार पायांसाठी चार भोकं असलेल्या कापडी झोळीत त्याला अलगद ठेवायचं आणि झोळी फूटभर वर उचलायची. माणसाच्या दंडाला पट्टा बांधतात, डुकराच्या शेपटीला. हे ऐकून हसला नाही असा माणूस मामांना अजून भेटायचा आहे. पट्टा फौजी बांधायचा, यंत्र मॅडम नाहीतर त्यांच्या हाताखालचं कुणीतरी बघायचं. मामा डुकराच्या तोंडापुढं उभे राहायचे. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं उभं राहायचं, असा नियम होता आणि मामांनी तो कधी मोडला नाही.

भानगड झाली होती ती मापाच्या वेळी नाही, सकाळच्या खुराकाच्या वेळी.

पुडी खुराकात कालवायला सुरुवात झाली त्या पहिल्याच दिवशी चार नंबरनं पाटीत तोंड घातलं, लगेच काढलं, आणि मामांकडे असं बघितलं की जणू फसवणूक मामांनीच केली असावी. दोन नंबरचंही तेच. मग पाच, आठ, नऊ, अकरा. मामांनी चार नंबरच्या पाटीतलं चिमूटभर उचलून जिभेला लावलं. दुपारच्या जेवणापर्यंत जीभ कडू राहिली. पण औषध म्हटलं की कडू असायचंच, असं म्हणून त्यांनी तो विचार तिथंच सोडला. बाकीची सहा पाटी चाटूनपुसून साफ करत होती, त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. माणसांतही काही जण समोर येईल ते खातात.

अडचण एवढीच होती की खुराक अर्ध्या तासात संपला पाहिजे. नाही संपला तर कागदावर "नाही खाल्लं" अशी खूण करायची. लागोपाठ तीन दिवस तशी खूण झाली की जनावर अभ्यासातून बाद. आणि बाद झालेलं जनावर कुठं परत जात नाही, हे सव्वीस वर्षांत मामांनी पाहिलेलं होतं.

म्हणून मामा बादली पालथी घालून बसायला लागले. खुराकाचे गोळे करून एकेक तोंडात द्यायचे. मध्येच कानामागं खाजवायचं, पोटावरून हात फिरवायचा, आणि बोलत राहायचं. काय बोलायचे ते विचारू नका. शेजाऱ्याचा कुत्रा, नळाची तोटी, बायकोचे सुजलेले पाय, आपली दुखणारी दाढ. डुकरं ऐकत. निदान मध्येच उठून जात नसत, आणि एवढं घरी कोण ऐकतं? सहा डुकरं, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, रोज. फौजी तोवर पलीकडचे कप्पे धुवायचा आणि चिडवायचा, "मामा, अंगाईही म्हण एखादी." खरं सांगायचं तर दिवसातला तो वेळ मामांना सगळ्यांत आवडायचा. आणि अर्ध्या तासाच्या आत पाटी रिकामी झाली की ते कागदावर "खाल्लं"च्या रकान्यात सुबक खूण करायचे.

आता शेडमध्ये येऊन ते त्या सहांच्या कप्प्यांपुढून चालत गेले. ते जसजसे पुढं सरकत होते तसतशी एकेका कप्प्यातली गडबड थांबत होती, अंगं सैल पडत होती. नऊ नंबर तर त्यांना बघून सरळ आडवाच झाला. मग ते बाकीच्या सहांपुढून चालले. तीन नंबरनं मानही वर केली नाही. त्याच्या लेखी मामा म्हणजे एक चालता खांब होता.

मामा तिथंच उभे राहिले. मापाच्या वेळी जनावरासमोर आपणच उभे असायचो, आणि यंत्रानं मोजलं होतं काय, हे त्यांना कळून चुकलं होतं.

त्या संध्याकाळी मामी खुर्चीत पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. मामांची बायको म्हणून सगळे त्यांना मामी म्हणत. अकरा वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. एका गोळीनं पाय सुजायचे, दुसरीनं खोकला यायचा, तिसरीनं चक्कर. गेल्या वर्षी डाव्या अंगाला हलकासा झटका येऊन गेला. चालणं-बोलणं परत आलं, पण डाव्या हाताची दोन बोटं आली नाहीत. मामी कपडे शिवायच्या. आता शिलाई मशीन चादर पांघरून कोपऱ्यात उभं होतं आणि मामी शर्टाची बटणंसुद्धा एका हातानं लावायच्या. मदत केलेली त्यांना चालत नसे.

"काय म्हणतंय आमचं औषध?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्या दोन वर्षं विचारत होत्या. "पाकीट उघडणार होते ना आज?"

"उघडलं."

"मग?"

"चालतंय म्हणाले. टाळ्याबिळ्या झाल्या."

मामींनी पाय उशीवरून खाली घेतले. "आणि हे तुम्ही असं तोंड करून सांगताय? अहो, दोन वर्षं मी डुकरांच्या तब्येतीची चौकशी करतेय! माझ्या आधी औषध त्यांना मिळालं, तरी मी हूं की चूं केलं नाही. आता माझा नंबर कधी?"

मामा हसले नाहीत. ते समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कडू पुड्या, पालथी बादली, ते सहा नंबर. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की एवढं सलग ते घरात फार दिवसांनी बोलत होते.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे औषधानं नाही, तुमच्यामुळं उतरलं?"

"मला काय माहीत? थोडं औषधानं असेल. सगळंच औषधानं असेल. पण ज्यांना औषध, नेमके त्यांच्याचपाशी मी रोज बसलोय. आता त्यातलं औषधाचं किती आणि माझं किती, हे कोण सांगणार?"

"दुसऱ्या कुणाला माहितीय?"

"फौजीनं बघितलंय मला बसलेलं. पण त्याच्या डोक्यात यायचं नाही. मॅडम तर सकाळी शेडमध्ये नसतातच." मामांनी मान खाली घातली. "नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही. पुढं माणसांवर तपासतीलच की. तिथं कळेल काय ते."

"माणसांवर म्हणजे कुणावर?"

मामा उशीचा कोपरा सरळ करायला लागले.

"माझ्यासारख्यांवरच ना?" मामींचा आवाज चढला नव्हता. "मी तर पहिली रांगेत उभी राहिले असते. चालू गोळ्या बंद करून तुमची घेतली असती. म्हटलं असतं, आमच्या ह्यांच्या हाताखालचं औषध आहे, डोळे मिटून घ्यायचं. आणि ते नुसतंच कडू निघालं असतं तर? उरलेली तीन बोटंही गेली असती ना हो?"

मामांना तिचा हात धरावासा वाटला आणि तिला आवडणार नाही म्हणून त्यांनी धरला नाही.

"उद्या गेल्या गेल्या सांगा," मामी म्हणाल्या आणि त्यांनी पाय पुन्हा उशीवर घेतले. "मॅडम ओरडतील. ओरडू देत. मी रोज ओरडते, तुम्हाला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आपल्या खोलीत परिषदेत करायच्या भाषणाची तयारी करत होत्या. परिषद तीन आठवड्यांवर आली होती. मामा दारात उभे राहिले तशा त्या म्हणाल्या, "या, या मामा. तुमचं नाव घालतेय बघा आभारात."

"घालू नका मॅडम. आधी ऐका."

ऐकताना पहिल्यांदा मॅडम हसल्या. "मामा, खाजवून रक्तदाब उतरला असता तर आम्ही एवढं शिकलो कशाला?" मग त्यांचं हसू कमी झालं. त्या उठल्या आणि कपाटातून उरलेल्या पुड्यांचा डबा घेऊन आल्या. एक नंबरची पुडी फोडून बोटाचं टोक त्यात बुडवलं, जिभेला लावलं. काही नाही. पाणी प्यायल्या. चार नंबरची फोडली, जिभेला लावली आणि तशाच बेसिनकडे धावल्या.

नळ बराच वेळ वाहत राहिला. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"रंग जुळवला," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "वजन जुळवलं. वास जुळवला. पुडीचा कागदसुद्धा एकाच गठ्ठ्यातला घेतला. एवढी शिकलेली माणसं आम्ही, आणि चव कुणीच बघितली नाही."

"मी बघितली होती," मामा म्हणाले.

मग मात्र मॅडमचा तोल गेला. "मग बोलला का नाहीत? चार महिने, मामा! चार महिने रोज तुम्ही कागद भरून पाठवत होता माझ्याकडे!"

"कागदावर दोनच रकाने होते मॅडम. खाल्लं, नाही खाल्लं. आणि ती खात होती."

रकाने मॅडमनीच आखलेले होते. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, डोळ्यांवरून एकदा बोटं फिरवली आणि समोरचा संगणक बंद केला. "चुकलंच. तुमचंही, माझंही," त्या म्हणाल्या. "मोठ्या साहेबांनी कालच वर कळवलंय. आता नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही. दाखवावं लागेल. बाराही जणांचं माप परत घेऊ, तुमच्याशिवाय. आठवडाभर तुम्ही त्यांच्या नजरेला पडायचं नाही. खुराक फौजी देईल. कुणी तोंड फिरवलं तर तो पाटी ठेवून निघून जाईल. उरलं तर उरू दे, आता बाद-बिद नाही. पुढच्या बुधवारी माप."

"औषध पोटात गेलं नाही तर मग रक्तदाब त्यानंच चढला म्हणतील."

मॅडमनी मामांकडे नीट बघितलं. "बरोबर. मग ज्याची पुडी त्याला नळीनं पोटात सोडू, बाराही जणांना. ते मी बघते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत तुम्हाला कुणी मीटिंगमध्ये खुर्ची दिली नाही ना?"

"वास येतो मॅडम अंगाला," मामा म्हणाले.

फौजीला हे कळलं तेव्हा तो पाण्याचा पाइप तसाच जमिनीवर टाकून आला. "जनावरं वाचवायला रचलंस तू हे," तो म्हणाला. "अभ्यास संपला की मूत्रपिंडं तपासायची ठरलेली होती. म्हणजे ह्या महिन्यात ती गेली असती. आता लांबलं ना? खरं सांग."

मामांनी खरं सांगायचा प्रयत्न केला. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं असं नाही. सांगायचं ठरल्यानंतर, बसमध्ये, ते एकदा येऊन गेलं होतं आणि त्यांना बरंही वाटलं होतं. "लांबलं हे खरं," ते म्हणाले. "पण म्हणून नाही सांगितलं. आणि शेवटी जायचीच आहेत ती, आज नाहीतर दोन महिन्यांनी. तुला काय वाटतं, मला कळत नाही?"

"मग माप बघू," फौजी म्हणाला. "माझा औषधावर विश्वास आहे. तुझ्यात एवढी जादू असती तर तुझ्या घरात गोळ्या कशाला लागल्या असत्या?"

हे त्याला बोलायचं नव्हतं. बोलून गेल्यावर त्यालाही ते कळलं, आणि पाइप उचलून तो उगाचच धुतलेला कप्पा पुन्हा धुवायला लागला. मामा रागावले नाहीत. रात्री जेवताना मात्र त्यांनी दोनदा मामींकडे बघितलं आणि दोन्ही वेळा मामींनी "काय?" असं विचारलं.

तो आठवडा मामांनी कोठारात काढला. पोती लावली, पाट्या घासल्या, गेल्या पाच वर्षांच्या वह्या क्रमानं रचल्या. सकाळी खुराकाच्या वेळी शेडमधून आवाज येत. कुठला कुणाचा ते त्यांना ओळखता येत होतं. एकदा आठ नंबर बराच वेळ ओरडत राहिला तेव्हा ते बाहेर जाऊन गेटजवळ उभे राहिले, आवाज थांबेपर्यंत.

बुधवार आला. मापाच्या खोलीत मॅडम डुकराच्या तोंडापुढं, फौजी शेपटीकडे. मामांना मॅडमनी शेजारच्या छोट्या खोलीत बसवलं. नोंद कुणीतरी करायला हवी होती, आणि ती त्यांनीच करावी असा मॅडमचा आग्रह होता. "तुम्ही सांगितलंत, तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या. "फौजी आकडा सांगेल. तुम्ही आतून काही बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही."

मामा स्टुलावर बसले. मधलं दार बंद होतं. गुडघ्यावर पुठ्ठ्याला लावलेला कागद होता, बारा नंबर आणि त्यांच्यापुढं बारा रिकाम्या चौकटी. आयुष्यात पहिल्यांदाच, आपण खोटे ठरावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. मॅडमपुढं मूर्ख ठरलो तर ठरलो. फौजी वर्षभर चिडवेल, चिडवू दे. आकडे खालीच राहिले तर घरी जाऊन सांगता येईल, अगं, माझं काही नव्हतं त्यात, औषधच होतं. तुझा नंबर लागणार.

आधी साध्या पावडरची सहा झाली. एकशे साठ. एकशे सत्तावन्न. एकशे एकसष्ट. कुठंच काही बदल नव्हता. मामा असले काय आणि नसले काय, त्यांना सारखंच होतं.

मग दोन नंबर. झोळीच्या कड्या वाजल्या, यंत्र घरघरलं. गेल्या महिन्यात याचा एकशे एकोणतीस होता.

"दोन नंबर," फौजीचा आवाज आला. "एकशे चौपन्न."

मामांनी लिहिलं. एकानं काही ठरत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"चार नंबर. एकशे एकोणसाठ."

"पाच. एकशे छप्पन्न."

आठ नंबरच्या वेळी आवाज लवकर आला नाही. मॅडमनी माप पुन्हा घ्यायला सांगितलं असावं. मग फौजी म्हणाला, "आठ. एकशे त्रेसष्ट," आणि त्याचा आवाज पडलेला होता. नऊ नंबर एकशे अठ्ठावन्न. मामांचं अक्षर चांगलं होतं. आजही ते बिघडलं नाही. फक्त प्रत्येक आकड्यानंतर ते पेन कागदावरून उचलत आणि डावा हात उजव्या मुठीत जरा वेळ धरून बसत.

अकरा नंबर राहिला होता. चौदा आठवडे हा सगळ्यांत खाली होता, एकशे चोवीस. सगळ्यांत हट्टीही हाच. याला एक घास भरवायला दहा मिनिटं लागत, आणि घरातल्या बहुतेक गोष्टी मामांनी याच्यापाशी बोललेल्या होत्या. फौजी त्याला कप्प्यातून आणताना मधल्या दारापाशी पावलं थांबली.

"चल रे," फौजी म्हणाला. "चल. इकडं काय आहे?"

दाराच्या खालच्या फटीशी फुसफुस ऐकू आली. ओलसर नाक फटीला लागलं, बाजूला झालं, पुन्हा लागलं. मामांच्या बुटांपासून ते हातभर अंतरावर होतं. नाक मोठ्यानं श्वास ओढत होतं, थांबत होतं आणि ओळख पटल्यावर तो करायचा तसलं बारीक गुरगुरणं सुरू झालं होतं.

एक शब्द पुरला असता. शब्दही नको होता, बूट जरासा पुढं सरकवला असता तरी चाललं असतं, झोळीत जाईपर्यंत तो सैल पडला असता. निदान एक तरी आकडा खाली आला असता. मामांनी आवाज न करता दोन्ही पाय उचलले आणि स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवले. श्वास रोखून धरला.

नाक फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. मग खुरं वाजली, फौजी काहीतरी पुटपुटला आणि झोळीच्या कड्या खणखणल्या. यंत्र सुरू झालं. ते थांबलं, पट्टा सोडल्याचा आवाज आला.

"अकरा नंबर," शेवटी फौजी म्हणाला. "एकशे छासष्ट." आणि मग हळूच, "लिहिलंस का मामा?"

बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी शेवटच्या चौकटीत आकडा लिहिला, खाली सही केली, आणि अकरा नंबरला परत कप्प्यात नेल्याचा आवाज येईपर्यंत ते तसेच, पाय वर घेऊन बसून राहिले.